बशीखालचे पैसे

श्यामराव ठवकरांना कसलंही व्यसन नाही, हे गावात कोणीही सांगेल. खर्रा खात नाहीत, पत्ते खेळत नाहीत, शंकरपटाच्या शर्यतीला गेले तर बैल बघून परत येतात, पैसे लावत नाहीत. त्यांची बायको शकुनबाई तर हे माहेरी जाऊन चारचौघींत सांगत असे. पण ज्या माणसाला व्यसन नाही त्याच्यावर घरात कोणी नजर ठेवत नाही, आणि बिनव्यसनी माणसं बिघडतात ती इथंच.

श्यामराव मोहाडीजवळच्या एका राइस मिलमध्ये काट्यावर असतात. धानाचं पोतं काट्यावर चढतं, लाल आकडा उमटतो, तो श्यामरावांनी मोठ्यानं वाचायचा आणि पलीकडच्यानं लिहून घ्यायचा. आकडा सगळ्यांनाच दिसतो, तरी वाचायला एक माणूस लागतो, म्हणून श्यामराव आहेत. त्यांचे वडील मात्र खरे मापारी होते. खळ्यात धानाची रास पडली की वडिलांना बोलावणं यायचं. ते पायली भरायचे, हातानं वरचं सारखं करायचे आणि पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. त्यांच्या आवाजावर शेतकरी आणि व्यापारी दोघांचा विश्वास असे. काट्याच्या आकड्यावरही लोक विश्वास ठेवतात, पण त्यात श्यामरावांचं काही नसतं.

नऊ वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याच्या गाडीवर श्यामरावांना एक लोखंडी पायली दिसली. तळाशी ठोकलेली, कडेला पितळेची पट्टी. तिच्यात फुटक्या नळाच्या तोट्या भरलेल्या होत्या. श्यामरावांना ते बघवलं नाही. चाळीस रुपये देऊन त्यांनी ती घरी आणली, चिंचेनं घासली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर फळी ठोकून तिच्यावर ठेवली. पहिली पायली अशी आली. दुसरी आली नसती तर ही गोष्टही झाली नसती.

आता आपल्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिच्यातून झाला. घरातलं माप विकायचं नसतं. ज्यानं माप विकलं त्यानं घराची बरकत विकली, असं मानतात. द्यायचंच झालं तर असंच द्यायचं, आणि तेही रिकामं नाही, आत मूठभर तांदूळ ठेवून. धान पोत्यानं आणि क्विंटलनं जायला लागलं, तेव्हापासून या पायल्या घराघरांत कोंबड्यांच्या दाण्याला लागलेल्या, पण रीत शाबूत. श्यामराव कोणाकडे गेले आणि विषय काढला की घरधनी म्हणायचा, "विकत नाई देत जी आमी माप. तुमाले पाह्यजे त तसंच घेऊन जा."

तसंच घेऊन जा म्हणजे तसंच नव्हे, हे श्यामरावांना दुसऱ्या की तिसऱ्या घरी कळलं. चहा यायचा. चहा पिऊन झाला की श्यामराव बशीखाली नोटा सरकवून ठेवायचे. घरची बाई कपबशी उचलायला यायची, बशी उचलायची, नोटा मुठीत घ्यायची आणि हवापाण्याचं बोलत आत जायची. कोणी पाहिलं नाही, कोणी ऐकलं नाही, माप विकलं गेलं नाही. रक्कम कमी वाटली तर बाई आतून विचारायची, "भाऊजी, अजून अर्धा कप घेता का?" मग दुसरा कप यायचा आणि त्याच्या बशीखाली आणखी काही ठेवावं लागायचं. पलीकडच्या गावी गोपाळरावांकडे, म्हणजे ज्यांच्या घरी एके काळी मालगुजारी होती तिथं, श्यामरावांनी पितळेच्या कुडोसाठी चार कप चहा घेतला. कुडो म्हणजे पायलीहून मोठं माप, आणि हा तर असा घडलेला की भंडाऱ्याच्या जुन्या कासारानंही हात फिरवून बघावा. चौथ्या कपानंतर श्यामरावांचा खिसा मोकळा झाला होता.

घरी आले की शकुनबाई विचारायच्या, "कितीले पडलं?" आणि श्यामराव सगळं गाव जे बोलतं तेच बोलायचे, "विकत नाई देत कोनी. तसंच देल्लं." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यात फारसं खोटं आहे असं त्यांना वाटलंही नाही. रीतीचेच शब्द होते. शकुनबाईंनी मात्र ते अक्षरशः खरे धरले, कारण नवऱ्याचं बोलणं तपासून घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्या प्रत्येक मापातले मूठभर तांदूळ देवापुढे ठेवायच्या आणि कोणाच्या घरचं माप ते नीट ध्यानात ठेवायच्या. बाजारात ती बाई भेटली की म्हणायच्या, "लय मोठं मन हाय बाप्पा तुमचं." ती बाई हसायची. आता हसणार नाही तर काय करणार.

पैसे कुठून आले, हेही सांगून टाकतो. शकुनबाईंचे वडील वारले, तेव्हा त्यांनी शेतीवरचा हक्क भावांच्या नावे सोडला. भावांनी साठ हजार रुपये आणि एक लुगडं दिलं. पैसे दोघांच्या नावच्या खात्यात गेले. शकुनबाई म्हणाल्या, "राहू द्या, कामी येतील," आणि विसरल्यासारख्या वागल्या. कार्ड श्यामरावांच्या पाकिटात होतं. आधी दोन हजार काढले, पगारातून भरू म्हणून. भरले नाहीत. मग अठराशे. मग पंधराशे. कुडोच्या वेळी एकदम अकरा हजार. मशीनमधून नोटा बाहेर यायच्या तेव्हा दर वेळी श्यामरावांना घाम फुटायचा आणि दर वेळी घरी जाईपर्यंत माप बघण्याच्या आनंदात तो वाळायचा. चार वर्षांत फळीवर भंगारातल्या पायलीशिवाय तेवीस मापं झाली आणि खात्यात नऊ हजार राहिले.

यंदा धानाची कापणी झाली आणि शकुनबाईंचे गुडघे बोलायला लागले. चुलीपाशी बसलं की उठता येईना. भिंतीला हात लावून, एक पाय पुढं काढून, देवाचं नाव घेत उठायच्या. एके दिवशी श्यामराव मिलमधून आले तर शकुनबाई दारातच उभ्या, चेहरा उजळलेला.

"अजी, भोजराज मिस्त्री येऊन गेला. ओटा बांधून घेऊ म्हनतो. उभ्यानं सैपाक होते. चाळीस हजार सांगतले त्यानं, काळा कडप्पा लावून. माह्या भावाईचे पैसे हायेतच. त्याले सोमवारी अर्धे द्या लागते."

श्यामराव "बरं" म्हणाले. त्या रात्री जेवताना शकुनबाईंनी ओट्याची उंची हातानं दाखवली, गॅस कुठं आणि भांडी घासायची मोरी कुठं ते सांगितलं. आयुष्यभर मागितलं नाही अशा बाईनं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि तेही स्वतःच्याच पैशातून.

सांगायला हवं होतं, हे काय त्यांना कळत नव्हतं का? त्यांनी प्रयत्न केले. मोहाडीच्या बाजाराला मोटरसायकलवर जाताना मान मागे वळवून म्हणाले, "शकुन, त्या पैशाचं असं हाय का..." मागून शकुनबाई म्हणाल्या, "काय म्हनता?" श्यामराव म्हणाले, "पदर सांभाळ, चाकात जाईन." दुसऱ्या दिवशी अंगणात विषय काढायला गेले तर शकुनबाईंनी त्यांच्या हाती वीट दिली आणि ही पक्की आहे का बघा म्हणाल्या. मिलमध्ये काट्यासमोर उभं राहून त्यांनी वाक्य पाठ केलं. काट्याला सांगायला काही अडचण येत नव्हती. घरी आलं की तोंडून ओट्याचंच काहीतरी निघायचं. पस्तीस वर्षांच्या संसारात याआधी त्यांनी बायकोपासून काही लपवलं नव्हतं, त्यामुळे लपवलेलं उघड कसं करायचं हेही त्यांना येत नव्हतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, मापं विकायची. साकोलीजवळ हायवेवर भूपेंद्र नावाच्या एका माणसानं मोठा ढाबा काढला होता. तो तांदूळ घ्यायला मिलमध्ये आला होता, तेव्हा त्यानं श्यामरावांच्या मोबाइलमधले मापांचे फोटो पाहिले होते आणि कधी द्यायची झाली तर सांगा म्हणाला होता. शनिवारी सकाळी श्यामराव एसटीनं साकोलीला गेले. भूपेंद्रनं सगळ्यांचे मिळून अडतीस हजार सांगितले. मापं भिंतीवर टांगू, काहींत चमचे ठेवू म्हणाला. पायलीत चमचे. श्यामरावांनी तेही गिळलं. त्यानं पाच हजारांचा बयाना हातात ठेवला आणि रविवारी सकाळी गाडी पाठवतो, उरलेले तेव्हाच देतो म्हणाला.

परतीच्या एसटीत श्यामरावांना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. अडतीस आणि नऊ, सत्तेचाळीस. ओटा होत होता. आता घरी जायचं, शकुनबाईला समोर बसवायचं आणि सगळं सांगून टाकायचं. पैसे गेले होते, आले. मापं होती, गेली. रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग ओटा बघून बोलेल. माणसानं एवढा हिशेब मांडला की त्याला वाटतं जग आता त्याप्रमाणे चालेल.

फाट्यावर उतरून श्यामराव गावाकडे चालू लागले तेव्हा पाच वाजले असतील. संक्रांत होऊन चार दिवस झालेले, गावात हळदीकुंकवांची धांदल. समोरून बायकांचा एक घोळका येत होता, कपाळं कुंकवानं भरलेली. पुढे दुर्गाबाई होती, दोन घरं सोडून राहणारी. तिच्या कमरेवर काहीतरी होतं. श्यामरावांना आधी ओळख पटली ती पायलीच्या कडेच्या पोच्याची. मग मागच्या बाईच्या हातातली दिसली. मग तिच्या मागच्या. शेजारच्या रिताच्या सासूनं तर पायली पदराखाली घेतली होती, पण पायली काय पदराखाली मावते?

"आमच्याकडूनच येऊन राहिल्या का?" श्यामरावांनी विचारलं.

"व्हय भाऊजी," दुर्गाबाई म्हणाली. तिनं त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. "शकुनबाईनं वाण देल्लं." आणि ती घोळक्यासकट भराभर पुढं गेली. गोपाळरावांची सून करुणा स्कूटीवरून आली होती. तिच्या पायांपाशी पोत्यात गुंडाळलेला कुडो होता. तिनं हॉर्न वाजवला आणि निघून गेली.

श्यामराव घरी पोचले तेव्हा शकुनबाई अंगणात पाय पसरून बसल्या होत्या. दमलेल्या, पण इतक्या खूश की त्यांच्याकडे बघून श्यामरावांना रडू आलं असतं.

"बसा. आता सांगतो तुमाले," त्या म्हणाल्या. "भोजराज म्हने, ओटा त्याच भिंतीले घ्या लागते, फळी काढा लागते. मी म्हनली, एवढी मापं ठेवावं कुठी? अना लोकाईची बरकत आपल्या घरी अडकवून ठेवनं बी बरं नाई. त्याईनं मन मोठं केलं, आपून बी कराव. म्हनून बंद्याईले, ज्याची त्याले, वाणात वापस देल्ली. नवे तांदूर भरून, वर तीळ टाकून. कोनाची कोनती मले बंदी याद होती, एक बी चुकली नाई. भंगारातली तेवढी राह्यली. वाणाचा खर्च बी वाचला."

लुटलेलं वाण परत मागता येत नाही. हे श्यामरावांना कोणी सांगायची गरज नव्हती. आणि माप विकलं होतं असं तेवीस घरांतलं एकही घर कबूल करणार नव्हतं, कारण कोणी विकलंच नव्हतं. रीत तशीच होती. श्यामराव खाली बसले. खिशातले बयान्याचे पाच हजार त्यांना टोचत होते.

"शकुन," ते म्हणाले, "ती मापं कोनी फुकट देल्ली नोती."

"म्हंजे?"

"विकत घेतली मी. तुह्या पैशाईनं."

शकुनबाई हसल्या. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. श्यामरावांनी सगळं सांगितलं, बशीपासून भूपेंद्रपर्यंत. पाठ केलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. मध्येच ते थांबले की शकुनबाई "मंग?" म्हणायच्या आणि ते पुढं बोलायचे. नऊ हजार उरल्याचं सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दुर्गाबाईले किती देल्ले?" शकुनबाईंनी विचारलं.

"अठराशे."

"मी तिच्या पाया पडली आता. म्हनली, बाई, तुमच्या घरची लक्ष्मी तुमच्या घरी पोचली. ती हो म्हने." मग त्यांनी विचारलं, "रिताच्या सासूले?"

"दोन हजार."

"तिची ओटी भरली मी." त्या अंगणातल्या सांडलेल्या तिळांकडे बघत होत्या. "करुणाच्या घरी?"

"अकरा."

"अकराशे?"

श्यामरावांनी नाही अशी मान हलवली. शकुनबाईंना कळलं.

"बशी त बायाच उचलतेत," शकुनबाई म्हणाल्या. "म्हंजे बंद्या बाया जानत होत्या. मी हळद लावून राहिली, हात जोडून राहिली, अना बंद्या मनात हासून राहिल्या. मीच एकली नाई जानत होती."

"मी जाऊन बोलू का त्याईच्या घरी?"

"काय बोलता? वाण मागता वापस?"

श्यामरावांना वाटलं तिच्या पायांवर डोकं ठेवावं, पण तिचे पाय दुखत होते आणि माफी मागायलाही त्यांना जागा सापडत नव्हती. पैशाचा राग आला असता तर तो कधीतरी फिटला असता. हे वेगळंच काही होतं. पैसे त्यांनी घेतले होते, पण हसू तिचं झालं होतं, आणि ते काढून आणायला कुठल्या घरी जायचं? अंधार पडायला लागला तशा शकुनबाई भिंतीला धरून उठल्या. "भोजराजले तुमीच सांगा," एवढं म्हणाल्या आणि आत जाऊन चूल पेटवायला खाली बसल्या.

रविवारी सकाळी श्यामरावांनी भोजराजला सांगितलं आणि भूपेंद्रची गाडी पाच हजारांसकट परत पाठवली. ड्रायव्हर पेट्रोलचं बोलला, ते त्यांनी ऐकून घेतलं. दुपारी कुंपणाबाहेरून दुर्गाबाईची हाक आली, "शकुनबाई, आज माह्याकडे हळदीकुंकू हाय, चार वाजता या."

शकुनबाई "येतो" म्हणाल्या. साडेतीनला त्यांनी चांगलं लुगडं काढलं.

"नको जाऊ," श्यामराव म्हणाले.

"नाई गेली त समजतील का मले समजलं. मंग उद्या पासून मले पाह्यल्यावर चूप बसतील." त्यांनी आरशात बघून कुंकू नीट केलं. "आजवर न समजता हात जोडले. आता समजून जोडा लागतीन."

श्यामराव दारात बसून राहिले. दोन घरांपलीकडून बायकांचं बोलणं, मध्येच हसणं ऐकू येत होतं. प्रत्येक हसण्याला त्यांना वाटायचं, हे तिच्यावरच. उठून जावं, मध्ये उभं राहून सगळ्यांसमोर सांगावं, की हिचा दोष नाही. पण तसं केलं असतं तर तिचं उरलंसुरलंही गेलं असतं. म्हणून ते बसूनच राहिले. त्यांच्या हातात आता एवढंच होतं.

तासाभरानं शकुनबाई आल्या. हातात वाणाची स्टीलची वाटी होती. ती खाली ठेवून त्या पायरीवर बसल्या आणि गुडघा दाबत राहिल्या.

"दुर्गाबाईनं इचारलं," त्या म्हणाल्या, "मापं वापस देल्ली, भाऊजी रागावले त नाई? मी म्हनली, कायचा राग? त्याईनंच सांगतलं वाणात दे म्हनून. त्याईचं मन लय मोठं हाय."

श्यामरावांनी ती वाटी उचलून कडेला सरकवली.

"कोनी हासलं नाई," त्या म्हणाल्या. "पन मी बी आता खोटं बोलली. लगन झाल्यापासून पह्यलांदा बोलली. उद्या करुणाच्या घरी जा लागते, गोपाळरावाच्या घरच्या बंद्या बाया असतील तठी. थ्या काय इचारतील अना मी काय सांगू, थे मले आताच सांगून ठेवा."